‘आम्हाला आशा होती’: मूल गेल्यावर प्रार्थना सुचत नाही तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आम्ही पिढीजात ख्रिस्ती. गेल्या जूनमध्ये आमचा 19 वर्षांचा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला. 6 दिवस आयसीयूत होता. सगळ्या मंडळीने उपास-प्रार्थना केली. सहाव्या दिवसापर्यंत आशा होती, आता नाही. बायबल उघडते, अक्षरं दिसतात, वाचवत नाही. प्रार्थनाही करता येत नाही. लोक म्हणतात विश्वास ठेवा, आशा सोडू नका. जूनमध्ये वर्ष होईल, सासरचे आभाराची प्रार्थना ठेवू म्हणताहेत. मी कशाचे आभार मानू? त्याचे बूट अजून दाराशी आहेत, तेही काढवत नाहीत. ख्रिस्ती माणसाची आशा म्हणतात ती नेमकी असते कुठे?”

सलाम ताई.

मी 27 वर्षं एका मिशन हॉस्पिटलात चॅप्लिन, म्हणजे हॉस्पिटलातला पाळक, होतो. चॅप्लिन म्हटलं की लोकांना वाटतं, काळं बायबल काखेत मारून उपदेश करत फिरणारा माणूस. प्रत्यक्षात निम्मा वेळ जायचा कोणासाठी ॲम्ब्युलन्स बघ, कोणाच्या गावी फोन लाव, पोस्टमॉर्टेमचा कागद कोणत्या टेबलावर अडकलाय ते शोध, यात. उरलेला वेळ आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर. तुम्ही ते 6 दिवस जिथे काढलेत तसल्याच एखाद्या बाकड्यावर.

आधी माझी एक चूक सांगतो, म्हणजे पुढचं किती ऐकायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी बाळंतिणींच्या वॉर्डात एका बाईचं दोन दिवसांचं बाळ गेलं. मी गेलो, स्टूल ओढलं आणि रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढून ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे वचन वाचलं. बाईने तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, वचन आत पोचलं. बाहेर आलो तर आयामावशी दारातच उभी. म्हणाली, “साहेब, तिला दूध दाटलंय. छाती ठणकतेय तिची, आणि तुम्ही वाचत काय बसलात?” मग तिने ओल्या फडक्याच्या घड्या आणल्या, पडदा ओढून घेतला आणि मला कॉरिडॉरमध्ये घालवलं.

वचन खोटं नव्हतं. ते पत्र लिहिणारा पौल हा मार खाल्लेला, तुरुंग पाहिलेला माणूस. त्याने ते आपल्या स्वतःच्या दुखण्यावर लावलं होतं. मी ते दुसरीच्या दुखण्यावर लावत होतो. तुमच्याकडे येणारी मंडळीही बहुतेक तेच करत असणार. ‘देवाला चांगली फुलं आवडतात, ती तो आधी खुडतो’ असं कोणीतरी म्हणालंच असेल. हे शास्त्रात कुठेही नाही. ‘विश्वास थोडा कमी पडला’ असंही कोणी सुचवलं असेल तर ते सरळ झटकून टाका. मुलंबाळं, घरदार सगळं गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे तिघे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांनी चोख केलं. नंतर समजावायला लागले आणि तिथून सगळं बिघडलं. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या समजावणाऱ्यांवर. इतके अध्याय देवाशी भांडलेल्या ईयोबाबद्दल मात्र म्हणतो, हा माझ्याविषयी बरोबर बोलला.

आता तुमचा ‘आशा होती’ हा शब्द घेऊ. तो शब्द शास्त्रात जसाच्या तसा आहे, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच आसपास आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, येशूच्या पुनरुत्थानाच्याच दिवशी, दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे निघालेत. साधारण 11 किलोमीटरची पायी वाट. एकाचं नाव दिलंय, दुसऱ्याचं नाही. वाटेत एक अनोळखी माणूस येऊन मिळतो आणि विचारतो, चालता चालता काय बोलताय एवढं? ते जागच्या जागी थांबतात, तोंडं उतरलेली. मग सांगतात: नासरेथच्या येशूला वधस्तंभावर मारलं, आणि इस्राएलाची मुक्ती करणारा तोच अशी आम्हाला आशा होती. ‘होती’ म्हणतात, ‘आहे’ नाही. सकाळी काही बायका कबरेकडून काहीतरी विलक्षण सांगत आल्या होत्या, तेही त्यांच्या कानावर आहे. पण आशा गेलेल्या माणसाला तसल्या बातमीने काही होत नाही. आणि हे सगळं ते सांगताहेत येशूलाच! त्याला ओळखलेलं नाही.

या गोष्टीवर मी पुष्कळ वेळा उपदेश केला असेल, पण त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. ते दोघं उलट्या दिशेने चाललेत. घडायचं ते यरुशलेमेत घडलंय आणि हे पाठ फिरवून निघालेत. येशू त्यांना हाताला धरून मागे फिरवत नाही, ‘अरे, मीच तो’ असंही म्हणत नाही. थोडा रागावतो, मंदबुद्धीचे आहात म्हणतो, पण त्यांच्याबरोबर त्याच चुकीच्या दिशेने चालत राहतो. दिवस उतरतो, ते त्याला आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतात, ताटावर बसल्यावर भाकर मोडताना त्याला ओळखतात, आणि तोवर तो दिसेनासा होतो.

त्या दुपारी त्यांच्या मनात आशेचा थेंब नव्हता. तरी ज्याची आशा धरायची तो शेजारून चालत होता. ताई, ‘आशा सोडू नका’ म्हणणारे लोक आशा ही तुमच्या मनात पेटती ठेवायची चूल आहे असं धरून बोलतात. ती विझली की तुमचाच हलगर्जीपणा. ख्रिस्ती शिकवण तशी नाही. आपली आशा म्हणजे एक माणूस मेलेल्यांतून उठला ही घटना, आणि त्यावरून देवाने दिलेलं वचन. तुम्हाला आज ती जाणवते की नाही याने त्या घटनेत काही कमीजास्त होत नाही.

आणि हे वचन ‘सगळं ठीक होईल’ असंही नाही. तुमच्या बाबतीत ठीक झालेलं नाही, आणि या जगात त्या अर्थाने होणारही नाही. हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी लपवत नाही. मुलगा ‘वर सुखात आहे’ एवढ्यावरही आपली शिकवण थांबत नाही. देव मेलेल्यांना शरीरासकट उठवील असा तो थेट, वेडगळ वाटावा असा दावा आहे. मतांगीकारात, म्हणजे उपासनेतल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण तो दर रविवारी एका श्वासात म्हणून मोकळे होतो. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. म्हणजे झालेलं पुसून टाकणं असाही त्याचा अर्थ नाही. हा दावा मी तुम्हाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. मी त्यावर भरवसा टाकून जगतो, काही दिवस मुठीत घट्ट धरून, काही दिवस नुसत्या नखाने.

6 दिवस सगळ्या मंडळीने मागितलं, मग का दिलं नाही? यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्यापासून मी लांब राहतो. एवढंच सांगतो की वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूने स्वतः हा प्याला टळू दे म्हणून विनवलं, आणि तो टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. लाजर या मित्राच्या कबरेपाशी तो रडला. थोड्या वेळात आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. तुमच्या रडण्याला अविश्वास म्हणणाऱ्याने आधी त्याचा हिशेब द्यावा.

प्रार्थना करता येत नाही म्हणता, त्याबद्दल. एका पेशंटची आठवण सांगतो. घशाचा कॅन्सर, वय पन्नाशीचं, ऊसतोडीला जाणारा माणूस. आवाज गेलेला, पाटीवर खडूने लिहायचा. मंडळीतले लोक त्याला रोज तेविसावं स्तोत्र, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’, वाचून दाखवत. एका संध्याकाळी त्याने पाटीवर लिहिलं: ‘मेंढपाळ नको. दुसरं.’ मी बराच वेळ पानं चाळली आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढलं. ते 18 ओव्यांचं आहे. रात्रंदिवस ओरडतोय, देवा तू मला खालच्या गर्तेत टाकलंस, तुझा कोप माझ्यावर चढून गेलाय, तू तोंड का लपवतोस. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळतात, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ म्हणतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर त्याने पाटी पुसली आणि लिहिलं: ‘हे बायबलात आहे?’ मी मान हलवली. त्याने बोटाने खूण केली: परत. त्या संध्याकाळी ते मी चार वेळा वाचलं.

150 स्तोत्रांतली तिसरा हिस्सा तरी अशी तक्रारीची आहेत. आपण उपासनेत ती गाळतो आणि मग दुःखात सापडलेल्या माणसाला वाटतं, आपल्यापाशी देवाशी बोलायला भाषाच उरली नाही. भाषा आहे, आपणच ती कुलपात ठेवलीय. तुम्ही बायबल उघडून रोजचा अध्याय पुरा करायचा प्रयत्न सोडा. तेरावं स्तोत्र घ्या, सहाच ओव्या आहेत, ‘कोठवर?’ या प्रश्नाने सुरू होतं. मोठ्याने वाचा, दार लावून. रागाने वाचता आलं तर आणखी चांगलं. तेही नको झालं तर वाचू नका. रागावणं हेही त्याच्याशीच बोलणं आहे.

बायबलातलं विलापगीत हे पुस्तक कसं रचलंय बघा. यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, आयांच्या मांडीवर पोरं भुकेने मेली, त्यानंतरची पाच कवितांची माळ. ‘प्रभूची दया रोज सकाळी नवी होते’ हे जे वाक्य आपण कॅलेंडरवर छापतो ते यात आहे, पण शेवटी नाही. तिसऱ्या कवितेत, बरोबर मधे. त्याच्या मागेही अंधार, पुढेही अंधार, आणि पुस्तक संपतं ते देवाने आम्हाला कायमचं टाकलं की काय अशा शंकेवर. म्हणून कधी एखाद्या सकाळी तुम्हाला जरा बरं वाटलं आणि दुपारी पुन्हा कोसळलात, तर ‘मी मागे गेले’ असं समजू नका. शास्त्रातही ते तसंच येतं.

माझी पत्नी गेली त्यानंतर चार महिने मी उपासनेत बसायचो आणि तोंडातून एक ओळ निघायची नाही. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात उघडं, नारायण वामन टिळकांचं लहानपणापासूनचं पाठ असलेलं गीत, आणि घसा बंद. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका माझ्या वाट्याचंही म्हणत होत्या. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, तिथे लिहिलंय, येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’. त्या खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाचा वेगळा उल्लेखच नाही. एवढ्यावरून सांगतो, मंडळीत जायला जीव घाबरत असेल तर उशिरा जा, मागच्या बाकावर बसा, शेवटच्या आशीर्वादाआधी उठून या. दारात हात मिळवून ‘कशा आहात’ विचारणाऱ्यांची रांग चुकते. पाळकीणबाईंशी तुमचं जमत असेल तर त्यांना एकदा हे सांगून ठेवा, म्हणजे कोणी गैरसमज करून घेणार नाही.

तुमच्या पत्रात तुमच्या यजमानांबद्दल एक शब्द नाही. कदाचित ते कामावर जातात, बोलत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं यांना काहीच वाटत नाही. डेंग्यूने मुलगा गेलेला एक बाप मला माहीत आहे. रोज रात्री जेवण झालं की खाली जाऊन मुलाच्या गाडीला किक मारायचा आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचा. बॅटरी उतरू नये म्हणून, असं बायकोला सांगायचा. तिला सात महिन्यांनी कळलं की तो तिथे उभा राहून रडतो; इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नाही.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत. वर्ष होत आलं. झोप येते का, जेवण जातं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रात्र रात्र जागरण होत असेल, अंगात ताकद उरली नसेल, किंवा ‘आपणही जावं त्याच्याकडे’ असं मनात येत असेल, तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा, आणि हे शेवटचं असेल तर आजच कोणाला तरी सांगा. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर रात्री-अपरात्री लागतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत सोडू नका. गोळी खाणं म्हणजे अविश्वास असं सांगणारे आपल्यात अजून आहेत. तसं असतं तर मिशनरी लोकांनी 1894 साली मिरजेला दवाखाना कशाला काढला असता? नुसतं प्रार्थनामंदिर बांधून भागलं असतं. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली आडवा झाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं फार पुढे, डोंगरावर गेल्यावर.

आपल्याच मातीतलं एक माणूस मी अशा वेळी आठवतो, पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण थोड्या थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा, पदरात तान्ही मुलगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्त आपल्याला खरा भेटला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. आठ वर्षं! आपण लोकांना आठ दिवस देत नाही. मग केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, विहिरी, छापखाना, मराठी बायबलचं भाषांतर. 1921 मध्ये ती एकुलती एक मनोरमाही गेली. रमाबाई त्यानंतरही भाषांतराच्या कामाला लागल्या होत्या, आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या. त्या वर्षभरात त्यांना मनातून काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही. कागद मात्र पुढे सरकत होते. आशा बाहेरून कधी कधी एवढीच दिसते.

हे तुम्हाला ‘तुम्हीही काहीतरी मोठं करा’ म्हणून सांगत नाही. मुलाच्या नावाने ट्रस्ट काढा, रक्तदान शिबिर ठेवा, असं सुचवणारे येतील. आत्ता नको. रोजचा भात लावला तरी पुष्कळ.

राहिली आभाराची प्रार्थना. सासरच्यांचा हेतू वाईट नसावा, आपल्याकडे रीतच आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं आहे, ते वचन तुमच्यापुढे ठेवतील. त्यात ‘स्थितीत’ आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. अपघाताबद्दल आभार मानायला तुम्हाला कोणीही सांगू शकत नाही. मरणाला पौलानेच शेवटचा शत्रू म्हटलंय, आणि शत्रूबद्दल कोणी आभार मानत नाही. 19 वर्षांबद्दल मानता आले तर माना, नाही तर तेही पुढच्या वर्षावर ठेवा. पाळकसाहेबांना आधी भेटून सांगा की कार्यक्रमाचं नाव ‘आठवणीची प्रार्थना’ ठेवा. उपदेश दहा मिनिटांचा. तेरावं स्तोत्र वाचायचं, आणि ते त्याच्या मित्रांपैकी कोणी वाचायचं. साक्षी द्यायला माईक मोकळा सोडू नका, नाहीतर कोणीतरी उठून फुलं खुडायला लागेल. जेवण घरी करू नका, मंडळीच्या हॉलवर महिला मंडळाकडे द्या. तुम्हाला मधेच उठून आत जावंसं वाटलं तर कोणी मागे यायचं नाही, हे एका बहिणीला किंवा मैत्रिणीला आधी सांगून ठेवा. ती दारात उभी राहील.

बुटांबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही. राहू द्यात तिथेच. कोणी पाहुणा हलवायला गेला तर नको म्हणा. फक्त जूनच्या पहिल्या पावसाआधी एकदा उन्हात ठेवा, चामड्याचे असतील तर बुरशी धरते.